मातीचा कुलवृत्तान्त

आपल्याकडील अनेक घराण्यांनीं गेल्या शतकांत आपापले कुलवृत्तान्त छापून काढले. जाड कापडी बांधणीचे हे ग्रंथ सुशिक्षित घरांतून फडताळांत किंवा माळ्यावरच्या पेटींत अजून आढळतात. मूळ पुरुष कोंकणांतील कोणत्या गांवचा, घाट चढून देशावर प्रथम कोण आला, कोणत्या शाखेनें वाईस बिऱ्हाड केलें, कोणती नागपुरास गेली, आणि अलीकडच्या आवृत्तींत कोणाचा नातू अमेरिकेंत स्थायिक झाला, हें सर्व त्यांत नांवनिशीवार सांपडतें. म्हणजे कुलवृत्तान्त हा मुख्यतः एका घराण्याच्या स्थलांतराचा इतिहासच होय. घर सोडून परमुलुखांत जाणें हें दुःख खरें. परंतु ज्याचें जाणें कोणीं तरी लिहून ठेविलें, त्याचें दुःख निदान पोरकें तरी राहत नाहीं.

हा विचार मनांत येण्यास निमित्त झाला तो एक परदेशी चित्रपट. आलँ उगेतो या फ्रेंच दिग्दर्शकानें तो २०२२ सालीं पुरा केला. त्याचें नांव मोठें झोंबणारें आहे : ‘कुत्र्यांस व इटालियनांस मज्जाव’. फ्रान्समधील एका उपाहारगृहाच्या दारावर लाविलेली ही पाटी त्या चित्रपटांत दिसते, व पोटासाठीं आल्प्स पर्वत ओलांडून आलेलें इटालियन कुटुंब ती वाचीत उभें राहतें. अॅनसी येथील प्रसिद्ध महोत्सवांत परीक्षकांचें पारितोषिक या चित्रपटास मिळालें, आणि त्याच वर्षीं युरोपीय चित्रपट-पुरस्कारांत उत्कृष्ट अॅनिमेशनपटाचा मानही. सव्वा तासाच्या आंतबाहेरच्या या कथेंत नट म्हणून कोणी नाहीं. सर्व पात्रें बाहुल्या आहेत, वीतभर उंचीच्या.

गोष्ट दिग्दर्शकाच्या आजोबांची व आजीची, लुइजी आणि चेझिरा यांची आहे. इटलीच्या वायव्येस पिएमाँत प्रांतांत डोंगराच्या पायथ्याशीं उगेतेरा नांवाचें एक खेडें आहे. उगेतो आडनांवाच्या लोकांचें म्हणून उगेतेरा; जसे आपल्याकडे कित्येक वाडे नि वाड्या आडनांवांवरून ओळखल्या जातात, तसेंच. नातू उतारवयांत त्या गांवीं गेला तों तेथें पडक्या भिंतींवांचून विशेष कांहीं उरलें नव्हतें. आजोबा अक्षरशत्रु मजुरांपैकीं. पत्रव्यवहार नाहीं, दप्तर नाहीं. तेव्हां नातवानें काय केलें? त्या मुलुखांतील लोकांच्या रोजच्या वापरांतल्या वस्तु घेतल्या, आणि त्यांतूनच गांव पुन्हां उभें केलें. ब्रोकोली म्हणून जी हिरवी फुलकोबी हल्लीं आपल्याकडेही मंडईंत मिळते, तिचीं झाडें झालीं. कोळशाचा उपयोग झाला. आणि आजोबा ज्या विटा जन्मभर रचीत आले, त्या विटा झाल्या साखरेच्या चौकोनी खड्यांच्या! आजीची बाहुली नातवाशीं बोलते. तो विचारतो, ती सांगते. आणि सांगतां सांगतां पडद्याच्या कडेनें नातवाचा खराखुरा हात आंत येतो व तिच्या इवल्याशा हातांस लागतो. सबंध चित्रपटांत जिवंत माणसाचा दिसतो तो एवढाच भाग.

या हाताविषयीं पुढें बोलावयाचें आहे. म्हणून ही कला चालते कशी, तें आधीं सांगितलें पाहिजे. चित्रपटांत दर सेकंदास २४ स्थिर चित्रें डोळ्यांपुढून जातात व डोळा फसून त्यांस गति समजतो. नेहमींच्या चित्रपटांत यंत्र हीं चित्रें आपण होऊन भराभर टिपतें. येथें तसें नाहीं. बाहुली ठेवावयाची, एक चित्र टिपावयाचें. मग तिचा हात तिळभर वर उचलावयाचा, बाजूस व्हावयाचें, दुसरें टिपावयाचें. बहुधा एकेक स्थिति दोन चित्रांपुरती धरतात. म्हणजे सेकंदास बारा स्थिति, मिनिटास सातशें वीस. बाहुलीच्या पोटांत लवचिक तार किंवा सांध्यांचा सांगाडा असतो, म्हणून ती ठेविली तशी राहते. इंग्रजींत या पद्धतीस ‘स्टॉप-मोशन’ म्हणतात. नांव समर्पक आहे. कारण सगळें काम थांबल्यावेळीं होतें, चालणें तेवढें मागाहून दिसतें.

महाराष्ट्रास ही युक्ति नवी नाहीं. दादासाहेब फाळक्यांनीं १९१२ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वीं भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून कुंडींत वाटाणा पेरला, आणि रोज थोडथोडें चित्रण करून महिनाभराची त्याची वाढ दोन घटकांच्या आंत पडद्यावर दाखविली. पुढें १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लहानशा पटांत त्यांनीं काडेपेटींतल्या काड्या नाचविल्या. तत्त्व तेंच. बाहुल्यांचें तर विचारूंच नये. राजशेखराच्या ‘बालरामायण’ नाटकांत रावणास फसविण्यासाठीं केलेल्या सीतेच्या बाहुलीच्या तोंडांत बोलकी मैना बसविलेली आहे. ‘सूत्रधार’ हा शब्दच मुळीं बाहुल्यांच्या दोऱ्यांवरून आला असें पिशेल या जर्मन पंडिताचें मत होतें. तें सर्वांस मान्य नाहीं. पण ज्या नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथल्या श्रोत्यांस सूत्रानें हालणाऱ्या बाहुल्याचा दृष्टान्त समजावून सांगावा लागला नव्हता, एवढें खास. असो.

परप्रांतीं गेलेल्यांशीं या कलेचें नातें आरंभापासून आहे. तिच्या आद्य आचार्यांपैकीं व्लादिस्लाव्ह स्तारेविच हा पोलिश आईबापांच्या पोटीं मॉस्कोस १८८२ मध्यें जन्मला. भुंगेऱ्यांच्या झुंजीचें चित्रण करावें तर दिव्याच्या उजेडांत भुंगेरे निपचित पडत. तेव्हां त्यानें मेलेल्या भुंगेऱ्यांस नवे पाय जोडून एकेक चित्र टिपीत त्यांस लढविलें. रशियांत क्रांति झाल्यावर तो कुटुंबासह फ्रान्सला गेला, आणि तेथें आयुष्यभर घरच्या घरींच बाहुलीपट काढीत राहिला. बायको बाहुल्यांचे कपडे शिवी, थोरली मुलगी हाताखालीं काम करी, धाकटी पडद्यावर दिसे. एकत्र कुटुंबाचा असा धंदा आमच्या वाचकांस परका वाटूं नये. ऑस्ट्रेलियांतील अॅडम एलियट यांचा ‘हार्वी क्रम्पेट’ हा वीस-बावीस मिनिटांचा मातीच्या बाहुल्यांचा पट २००३ सालचा; पुढच्या वर्षीं त्यास ऑस्कर मिळालें. हार्वी पोलंडांत जन्मलेला, महायुद्धामुळें ऑस्ट्रेलियास लागलेला एक साधा, दुर्दैवी मनुष्य. जगाविषयीं कळलेलीं सत्यें तो एका वहींत टिपतो व ती वही गळ्यांत अडकवून हिंडतो. नवख्या मुलुखांत माणूस किती एकटा पडतो, तें त्या गळ्यांतल्या वहीनें जेवढें कळतें, तेवढें मोठमोठ्या व्याख्यानांनीं कळत नाहीं.

आतां त्या साखरेच्या विटांकडे वळूं. फ्रान्समध्यें त्या विटा पाहून प्रेक्षकांस गंमत वाटली असेल. पण अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतल्या माणसास तें दृश्य गंमत म्हणून पाहतां येत नाहीं. कारण आमच्या जिल्ह्याचीं बरींचशीं घरें खरोखरीच साखरेवर उभीं आहेत. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ मध्यें पुरें झालें, कालव्यांचें पाणी उत्तरेकडच्या रानांत खेळूं लागलें, आणि जिराईत शिवारें उसानें भरून गेलीं. पुढें लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांनीं, धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाच्या साहाय्यानें, शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभारला. १९५०-५१ चा त्याचा पहिला हंगाम. त्याचें अनुकरण महाराष्ट्रभर झालें हें सर्वश्रुत आहे. परंतु त्याच जिल्ह्याच्या दक्षिणेस व पूर्वेस पाथर्डी, शेवगांव, जामखेड हे तालुके पडतात. तेथें पावसाचा भरंवसा नाहीं, कालवा थोडा. दसरा झाला कीं तेथल्या नि शेजारच्या बीड जिल्ह्याच्या गांवांतून बिऱ्हाडें निघतात. कोणी बैलगाडींत, कोणी ट्रकमध्यें. भांडीं, अंथरुणें, कोंबड्या, लेंकरें, सगळें वर रचलेलें. एकाच जिल्ह्याचें एक अंग ऊस पिकवितें, दुसरें तोडावयास जातें. परदेशगमन म्हणजे समुद्रापारच असतें असें नाहीं.

या लोकांस कारखान्याच्या भाषेंत ‘कोयता’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; एकटें माणूस असेल तर अर्धा कोयता. साहित्यशास्त्रांत लक्षणा शिकवितांना भालेकऱ्यांस नुसतें ‘भाले’ म्हणण्याचें उदाहरण देतात. आम्ही तें जन्मभर वर्गांत शिकविलें; पण हत्याराच्या नांवांत माणूस कसा पार बुडून जातो, त्याचें याहून चोख उदाहरण आम्हांस माहीत नाहीं. हंगामापूर्वीं मुकादमाकडून अंगावर उचल घ्यावयाची, आणि ती फिटेपर्यंत तोडावयाचें. पहांटेच्या काळोखांत फडांत शिरावयाचें; पुरुषानें तोडावें, बाईनें पाचट सोलून मोळ्या बांधाव्या, डोक्यावरून गाडींत चढवाव्या. गाडी रात्रीं आली तर रात्रीं भरावी. राहावयास कोप, म्हणजे बांबू, ताडपत्री नि पाचटाची खोपी. वाढें विकून मीठमिरची. चैत्राच्या आसपास परत.

आम्ही पाथर्डी तालुक्यांत कांहीं वर्षें शिक्षकाचें काम केलें. दिवाळीची सुटी संपून शाळा भरे, तेव्हां मागल्या बांकांवर कोणी नसे. दिवाळींत याच मुलांनीं अंगणांत मातीचे किल्ले केलेले आम्ही पाहिलेले असत. बुरूज, विहीर, गुहेंत वाघ, सगळें आपल्या पुण्यामुंबईच्या मुलांसारखेंच. फरक इतकाच, कीं किल्ला तसाच टाकून ते जात, आणि परत येत तों त्याचें ढेंकूळ झालेलें असे. हजेरीपटांत चार-पांच महिने ओळीनें खाडे पडत. मुकादमाच्या वहींत बापाच्या नांवापुढें उचलीचा आंकडा, आणि आमच्या हजेरीपटांत मुलाच्या नांवापुढें खाडे : त्या कुटुंबाच्या स्थलांतराचा लेखी पुरावा काय तो एवढाच. हेंच त्यांचें दप्तर आणि हाच त्यांचा कुलवृत्तान्त. पुढें साखरशाळा निघाल्या, मागें राहणाऱ्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहें निघालीं; त्यांनीं कांहींचें कल्याण झालें. पण शाळेनें मुलास अक्षर दिलें, तरी त्याच्या आईनें फडांत काय काय सोसलें तें कोणीं लिहिलें?

येथें कोणी विचारील कीं, त्यासाठीं बाहुल्या कशाला? हल्लीं ज्याच्या त्याच्या हातीं कॅमेरा आहे. सरळ फडांत जावें नि चित्रण करावें. तें होतेंच, आणि व्हावेंही. परंतु त्यांत दोनतीन अडचणी आहेत. खऱ्या माणसाचें तोंड पडद्यावर आलें कीं तें मुकादमासही दिसतें. पुढल्या हंगामाची उचल ज्याच्या हातीं, त्याच्याविषयीं कोणती बाई तोंड दाखवून बोलेल? मातीच्या बाहुलीस ती भीति नाहीं. आवाज तिचा, चेहरा मातीचा. शिवाय कॅमेऱ्यास फक्त आजचें दिसतें. चाळीस वर्षांपूर्वींची रात्र, बांधावर झालेलें बाळंतपण, दुष्काळांत विकलेली बैलजोडी, हें आतां कोणता कॅमेरा दाखविणार? उगेतोंपुढें हीच अडचण होती.

आणि तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्रण करणारा दुपारीं येतो नि संध्याकाळीं जातो. बाहुली करणाऱ्यास तसें जातां येत नाहीं. मोळी उचलणाऱ्या बाईची बाहुली करावयाची, तर चुंबळ कशाची असते, पदर कोठें खोंचलेला असतो, पहिला जोर गुडघ्यास येतो कीं कमरेस, हें समजलें पाहिजे. तान्हें मूल झोळींत असतें कीं गाडीखालीं? कोपेचें दार वाऱ्याच्या कोणत्या अंगास ठेवतात? कंदील कीं बॅटरी? एकेका हालचालीचे शंभर तुकडे करावयाचे, म्हणजे तें ओझें शंभर वेळां मनांत उचलावें लागतें. ज्यानें असें केलें, तो पुन्हां चहांत साखर घालतांना कदाचित् चमचा थांबवील, कदाचित् थांबविणार नाहीं. पण ती साखर कोठून आली हें त्यास माहीत नाहीं असें होणार नाहीं.

त्या हाताविषयीं बोलूं असें वर म्हटलें होतें. या कलेंत बाहुली हालते ती दोन चित्रांच्या मधल्या अंतरांत. हात येतो, हालवितो आणि चित्र टिपण्यापूर्वीं बाजूस होतो. हजारों वेळां येऊनही तो एकदांही दिसूं नये, ह्यांतच कारागिराचें कसब. स्तारेविचपासून बहुतेकांनीं तो लपविला. उगेतोंनीं मात्र तो मुद्दाम दिसूं दिला. कारण त्यांच्या आजोबांनीं फ्रान्समध्यें जीं बांधकामें केलीं, त्यांत आजोबांचाही हात असाच दिसेनासा झाला होता. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचें नांव असतें, सालाचा हंगाम असतो. तोडणाऱ्याचा हात दोन चित्रांच्या मध्येंच राहतो.

तेव्हां ऊसतोडीचा असा पट आमच्या जिल्ह्यांत व्हावा, असें आम्हांस मनापासून वाटतें. पण कोणीं करावा? येथें थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. आपल्या घरांतील हुशार नातवंडें उन्हाळ्याच्या सुटींत माती नि मोबाईल घेऊन चार दिवसांत ‘ऊसतोड कामगारांचें जीवन’ तयार करतील, एखाद्या स्पर्धेंत बक्षीसही मिळवतील. पण ती भातुकली होईल. त्यांनीं हौसेनें ही कला जरूर शिकावी, आणि पहिली कथा आपल्याच घरची घ्यावी. पणजोबा कोंकणांतून कसे आले, किंवा आत्याबाई साता समुद्रांपलीकडे पहिल्या हिंवाळ्यांत एकट्या कशा राहिल्या, हें आजीस विचारून मातींत उतरवावें. कुलवृत्तान्तांत तारखा असतात. आत्याबाई काय पाहून रडल्या तें नसतें. ऊसतोडीची कथा मात्र ज्यांची आहे त्यांच्या मुलांनीं सांगावी. इतरांनीं हवें तर दिवा धरावा.

साहित्य फारसें लागत नाहीं. शाडू वाळला कीं तडकतो, म्हणून तेलांत मळलेली, न वाळणारी माती घ्यावी. ती बाजारांत मुलांच्या खेळण्यांच्या दुकानीं मिळते. आंत अॅल्युमिनियमची मऊ तार पीळ देऊन घालावी. मोबाईल घट्ट बसेल अशी घडवंची हवी, कारण तो केसभर हालला तरी सगळें गांव हादरल्यासारखें दिसतें. एकेक चित्र जोडून देणारीं साधनें मोबाईलवर फुकट मिळतात. खिडक्या बंद करून एकाच दिव्याच्या उजेडांत काम करावें. ऊन सरकतें व सांवल्या पळूं लागतात. आणि घरांतील वडील मंडळींनीं वीज वांचविण्याच्या सद्धेतूनें मध्येंच दिवा मालवूं नये, ही आमची समवयस्कांस हात जोडून विनंति.

पाथर्डी-शेवगांवकडच्या एखाद्या शिक्षकानें हें मनावर घेतल्यास कामाची वांटणी आपोआप झालेली आहे. आईबापांमागें आजीजवळ किंवा वसतिगृहांत राहिलेल्या मुलांच्या हिंवाळ्यांतल्या संध्याकाळी फार लांब असतात. त्यांनीं मागें राहिलेलें गांव करावें : बंद घरांचीं कुलपें, आजीची चूल, रिकामी दावण. जीं मुलें बरोबर गेलीं त्यांनीं फडावरूनच कोपेचीं, गाड्यांचीं रेखाचित्रें व आईच्या तोंडच्या गोष्टी मोबाईलवरून धाडाव्या. आवाज तिकडला, बाहुल्या इकडल्या. बैलगाडी भरण्याचा दहा सेकंदांचा एक प्रसंग म्हणजे एकशें वीस स्थिति. रोज संध्याकाळीं तासभर बसल्यास चारसहा मुलांस तो आठवड्यांत पुरा होईल. चैत्रांत गाड्या परत येतील तेव्हां, ज्यांनीं ऊस तोडला त्यांनाच तो शाळेच्या भिंतीवर पहिल्यानें दाखवावा, आणि मोळी बरोबर बांधली आहे कीं नाहीं तें त्यांनाच विचारावें.